त्र्याऐंशी पाकिटं

४ जानेवारी

आजपासून आरोग्याचं पान मी बघायचं, असं संपादकांनी जाहीर केलं. ते पान बघणारी मुलगी दुसरीकडे नोकरीला गेली आणि तिच्या रिकाम्या खुर्चीच्या सर्वांत जवळ मी बसतो, एवढीच माझी पात्रता. संस्कृत घेऊन एम. ए. झालेल्या माणसाने चोवीस वर्षं नगरपालिकेच्या सभा लिहिल्या, तर आता खोकला-पडसं लिहायला हरकत काय?

"शब्दांवर तुमची पकड आहे," संपादक म्हणाले. माझा रक्तदाब एकशे साठ आहे. तेही एक प्रकारचं आरोग्यविषयक ज्ञानच.

पहिला विषय घरातच सापडला. माझी थोरली बहीण मोठ्या इस्पितळात, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांच्या वॉर्डात मुख्य नर्स आहे. सगळं जग तिला 'सिस्टर' म्हणतं आणि सख्खा भाऊ तेवढा ताई म्हणतो. तिने आणि एका इंजिनीअरने मिळून तिथे काहीतरी शोधून काढलंय. दोन वर्षं मी तिला "काय म्हणतो तुझा मोजा?" असं विचारत आलो आणि उत्तर पुरं व्हायच्या आत चहा मागत आलो. आता पोटासाठी ऐकावं लागेल.

ही वही छापण्यासाठी नाही. छापायची ती वेगळी. तिच्यात मी हुशार असतो.

७ जानेवारी

वॉर्डात शिरण्याआधी ताईने मला कोपरापर्यंत तीनदा हात धुवायला लावले. माझ्या मुंजीतसुद्धा इतकी शुचिता पाळली गेली नव्हती. मग हिरवा झगा, टोपी, तोंडाला फडकं.

आत काचेच्या पेट्या आणि पेट्यांत बाळं. मी बाळं पुष्कळ पाहिली आहेत, पण ही तशी नव्हेत. ही मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत मावतील एवढी. कातडी इतकी पातळ की आतला कारभार बाहेरून दिसतो.

मी एका पेटीशी वाकलो होतो. बाळाचं पोट वर-खाली होत होतं आणि ते एकाएकी थांबलं. हालचाल नाही, रडणं नाही. दिवा बंद करावा तसं. मशीन वाजायला लागलं. "विसरला!" असं कुणीतरी ओरडलं आणि ताईने माझ्या खांद्यावरून हात घालून पेटीच्या खिडकीतून त्या बाळाच्या तळव्यावर एक टिचकी मारली. बाळ दचकलं. पोट परत हलायला लागलं. हे सगळं मला लिहायला लागलं त्याच्या निम्म्या वेळात झालं.

"हे काय होतं?"

"श्वास घ्यायचा विसरला," ताई म्हणाली. "यांचा मेंदू अजून कच्चा असतो. औषध देतो, तरी विसरतात. दिवसातून दहादा, वीसदा. टिचकी मारली की आठवतं."

"आणि मारायला कुणी नसलं तर?"

"म्हणून तर मोजा, पंडित." ताई मला पंडित म्हणते. त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे चोपन्न वर्षांत मला उलगडलेलं नाही.

तर मोजा असा: बाळाच्या पोटाला एक मऊ पट्टी, पायात सुती मोजा, मोज्याच्या तळाशी शेंगदाण्याएवढं यंत्र. श्वास थांबल्याचं पट्टीला कळलं की मोजा स्वतःच तळव्यावर टिचकी मारतो. इथे एका नर्सकडे पाच बाळं आहेत. ताई सांगते, लहान इस्पितळांत एकीकडे बारा-बारा असतात. तिला निवृत्तीला दीड वर्ष राहिलं. त्याआधी हा मोजा सिद्ध व्हायला हवा. मग तो सगळीकडे जाईल, असं तिचं गणित. एवढं मनापासून तिने आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. आमच्या मेहुण्यांनासुद्धा नाही.

बाळांना अजून नावं नसतात, म्हणून वॉर्डाने ती ठेवलेली आहेत. कारकून, मुकादम, महाराणी. एक सारखं जांभया देणारं बाळ आहे, त्याचं नाव आजपासून 'वार्ताहर' ठेवल्याचं मला जाताना सांगण्यात आलं.

९ जानेवारी

संशोधन ज्यांच्या नावावर आहे त्या डॉक्टर मॅडमना भेटलो. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. वाक्य पुरं झाल्यावर ते बरोबर आलं का हे क्षणभर तपासून पाहतात. वार्ताहरांत हा गुण असता तर वर्तमानपत्रं दुपारी निघाली असती.

एकशे साठ बाळांवर अभ्यास आहे. कुणाला मोजा आणि कुणाला नेहमीची देखभाल, हे सीलबंद पाकिटांतल्या चिठ्ठ्या ठरवतात. पाकिटांवर क्रमांक. बाळ ज्या क्रमाने येईल त्या क्रमाने पुढचं पाकीट. आई-बापांनी आधी संमतीवर सही करायची, मग पाकीट फोडायचं. पाकिटांच्या कपाटाची किल्ली ताईकडे.

"तुम्हाला मोजा चांगला वाटतो ना?" मी विचारलं. "मग निम्म्या बाळांना का नाही?"

"मला वाटतं, हे पुरत नाही. एके काळी अशा बाळांना डॉक्टर भरपूर ऑक्सिजन देत. चांगल्या हेतूनेच. त्यात कित्येकांची दृष्टी गेली. तुलना करून पाहिली तेव्हा कुठे कळलं." त्या थांबल्या. "दोन्ही बाजू सारख्या असतील तरच फरक मोज्यामुळे पडला असं म्हणता येतं. ऐंशी बाळं झाली की बाहेरची समिती आकडे बघेल."

मी हे सगळं लिहून घेतलं. लेखात त्यातलं कितपत मावेल कोण जाणे.

१९ जानेवारी

लेख परवा आला. मी मथळा दिला होता 'श्वासाची आठवण'. छापला गेला 'चमत्कारी मोजा'. पाकिटांचा परिच्छेद जाहिरातीने खाल्ला.

त्याच सकाळी सातला ताईचा फोन. "चमत्कार कधी म्हणाले मी?"

"मथळे आम्ही देत नाही, ताई."

"मग तुम्ही देता काय?"

मॅडमचा फोन आला नाही. ते जास्त लागलं.

बाकी ऑफिसात वाहवा झाली. माझ्या नगरपालिकेवरच्या चोवीस वर्षांच्या लेखनाला मिळून जेवढी पत्रं आली नव्हती तेवढी दोन दिवसांत आली. खोटं कशाला बोला, बरं वाटलं.

२ फेब्रुवारी

आता मी आठवड्यातून दोन-तीनदा वॉर्डात जाऊन बसतो. लेखमाला करा म्हणाले आहेत. बाहेरच्या बाकांवर आई-बाप असतात. आज तिथल्या तीन जणांच्या हातात माझ्या लेखाचं कात्रण होतं. एकाने तर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. लोक आता लांबलांबून इथे बाळं घेऊन येताहेत.

ताईला हे कौतुकाने सांगायला गेलो.

"काल एक आजी माझे पाय धरायला वाकली," ती म्हणाली. "मोजा द्या म्हणून. परवा एकीने विचारलं, मोजा मिळायला कुणाच्या ओळखीची चिठ्ठी लागते का?"

"म्हणजे लेख पोचला की."

"पोचला ना. आता त्या आजीला मी काय सांगू, पाकिटाच्या पाया पडा?" ती कपाटाला कुलूप घालत होती. किल्ली खिशात टाकली, परत काढली, कुलूप ओढून पाहिलं. "नऊशे ग्रॅमचं पोर. बापाच्या हातात तुझं ते कात्रण. चिठ्ठीत निघालं, मोजा नाही. आणि पुढच्या पाकिटात मोजा, तो कुणाला? ज्याला कधी गरजच पडणार नाही अशा धटिंगणाला."

"याला दैव म्हणतात."

"दैव काचेपलीकडे असतं, पंडित. काचेच्या अलीकडे मी असते."

वाक्य चांगलं आहे. वापरीन कुठेतरी.

१४ फेब्रुवारी

आज एका दिवसात दोन बाळं आली.

पहिलं नऊ वाजता. साडेतेराशे ग्रॅम, म्हणजे इथल्या मानाने गृहस्थ. आल्या आल्या दोन्ही हात हलवून त्याने काहीतरी मुद्दा मांडला, म्हणून त्याचं नाव वकील. बाप बस चालवतो. खाकी कपड्यांतच धावत आला होता. काचेला नाक लावून म्हणाला, "आवाज नाही, नुसते हातवारे. आईवर गेलाय."

दुसरं सव्वाअकराला. सातशे ऐंशी ग्रॅम. पाहिलं आणि मी नजर वळवली. ताईने त्याचं नाव ठेवलं पैलवान. आई शर्टांच्या कारखान्यात शिवणकाम करते. घरचं कुणी दिसलं नाही. तिला चाकाच्या खुर्चीतून आणलं, तेव्हा मुठीत माझं कात्रण होतं, घडी घालून घालून मऊ पडलेलं. तिने तो कागद नुसता ताईपुढे धरला.

पाकिटांचं काम मी आज प्रथमच जवळून पाहिलं. ताईने कपाटातून दोन काढली. कावीळ झालेल्या बाळांवर लावतात तो निळा दिवा कोपऱ्यात जळत होता, त्याच्यासमोर तिने एकेक धरून पाहिलं. "ओल लागलीय का बघते," म्हणाली. "भिंत पाझरते." तीस वर्षांत तिचा काटेकोरपणा तसूभर कमी झालेला नाही. मग हाताखालच्या मुलीला म्हणाली, "आधी पैलवानाचा कागद भर."

वकील दोन तास आधी आलेला होता, पण नाजूक त्याचं काम आधी, ही रीत मला आवडली. सरकारी कचेऱ्यांनी शिकण्यासारखी आहे.

पैलवानाला मोजा निघाला. वकिलाला नाही. शिवणवाली बाई कितीतरी वेळ ताईचा हात धरून बसली होती. बसवाल्याने खांदे उडवले. "आमच्याला काय गरज? तो वाद घालूनच जगेल."

सगळ्यांचं समाधान झालं असा दिवस वार्ताहराच्या वाट्याला क्वचित येतो.

२१ फेब्रुवारी

मोजा पैलवानाच्या पायातून निसटतो. पाय माझ्या अंगठ्याएवढा, मोजा त्याच्या दुप्पट. इंजिनीअर आला, फूटपट्टी लावून गेला, पुढच्या महिन्यात लहान माप देतो म्हणाला. शिवणवालीने तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि सुई मागितली. बाकावर बसून वीस मिनिटांत तिने टाचेला चुणी घातली. मोजा आता घट्टही नाही, सैलही नाही.

"कारखान्यात काय शिवता?" मी विचारलं.

"कॉलर."

"म्हणजे गळ्यापासून टाचेपर्यंत आलात."

ती हसली. हसताना पोटावरच्या टाक्यांवर हात ठेवला. आपण विनोद कुठे करतो याचं भान मला या वयात तरी यायला हवं.

इंजिनीअरने नंतर ती चुणी बघितली आणि तिचं रेखाचित्र काढून नेलं. यापुढे सगळे लहान मोजे तशीच चुणी घालून शिवणार आहेत.

३ मार्च

वकील चौदाशे ऐंशी. दूध पचतं, वाद चालू. दहा-बारा दिवसांत घरी. बसवाला रोज ड्यूटीआधी येतो, काचेवर दोनदा टकटक करतो आणि जातो. त्याला आज म्हटलं, "वकिलीण कशी आहे?"

"घरी झबली धुऊन वाळवतेय. तीच तीच परत धुते. म्हटलं, अगं फाटतील."

पैलवान आठशे दहा. मोजा त्याला दिवसातून चाळीसदा आठवण करून देतो. जिवंत राहणं हे काम इतकं कष्टाचं असतं याची मला कल्पना नव्हती. आम्हाला ते फुकटात मिळालं.

६ मार्च

वकील गेला.

दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी. भर उजेडात, माणसांनी भरलेल्या वॉर्डात. त्याच्याकडची नर्स शेजारच्या पेटीतल्या बाळाला सुईसाठी शीर मिळत नाही म्हणून वाकलेली. मशीन वाजलं, पण ती सारखीच वाजतात, आणि त्या वेळी तीन वाजत होती. ताई पलीकडच्या टोकाला होती. धावली. टिचकी, मग श्वास देणारा फुगा, मग छातीवर दोन बोटं. पंचवीस मिनिटं. मी बाकावरून पाहत होतो.

बसवाला मार्गावर होता. गाडी आगारात आल्यावर त्याला कळलं.

९ मार्च

ताई तीन दिवस फोन घेत नव्हती, म्हणून वॉर्डातच गेलो. ती हात धूत होती. मी येऊन उभा राहिलो, तरी धूतच होती.

"ताई, बास. कातडी निघेल."

"एकाचं ताट दुसऱ्यापुढे सरकवलं, तर वाढणाऱ्याला काय म्हणायचं रे?"

"वाढपी," मी म्हणालो.

ती हसली नाही. थकली आहे. या वयात इतकं धावणं बरं नव्हे. मेहुण्यांना सांगितलं, तिला आठ दिवस रजा घ्यायला लावा. ते म्हणाले, "सांगून बघितलं. माझ्याकडे अशी बघते, जणू मी भिंतीवरचं कॅलेंडर आहे."

१७ मार्च

पैलवानाच्या रक्तात जंतू सापडले. पोट फुगलंय. मोजा टिचक्या मारतो, तो श्वास घेतो, पण आता प्रश्न श्वासाचा नाही.

२० मार्च

पैलवान गेला. पस्तीस दिवस. शेवटच्या श्वासापर्यंत मोजा आपलं काम चोख करत होता, असं डॉक्टर म्हणाले.

शिवणवालीने मोजा स्वतः काढला. यंत्र परत द्यायचं असतं, म्हणून तिने चुणीचे टाके दातांनी तोडले, शेंगदाणा काढून ताईच्या हातावर ठेवला आणि कापड तेवढं घेतलं. मला म्हणाली, "तुम्ही चांगलं लिहिलं होतं."

लेखमालेचा तिसरा भाग लिहिणं होत नाही. संपादकांना सांगितलं, रक्तदाब.

२८ एप्रिल

समितीने अभ्यास थांबवला. त्र्याऐंशी बाळं झाली होती. मोजा असलेल्या बेचाळिसांतली नऊ गेली आणि नसलेल्या एकेचाळिसांतली चार. एवढा फरक असताना पुढे चालवणं योग्य नाही, म्हणाले. मोजे खोक्यात भरून कपाटावर ठेवले.

खोक्यावर चिकटपट्टी ताईनेच लावली.

संपादकांना आजच बातमी हवी. मथळा तयार आहे: 'चमत्कारी मोजा फसला'. मी म्हटलं, दोन दिवस द्या.

२ मे

मॅडमनी बोलावलं. टेबलभर कागद.

"जानेवारीअखेरपर्यंत दोन्हीकडच्या बाळांची वजनं जवळपास सारखी आहेत," त्या म्हणाल्या. "फेब्रुवारीत मात्र मोज्याकडची बाळं एकदम हलकी. एकेक तर निम्म्या वजनाचं. मार्चमध्ये परत सारखी. योगायोग असेल. पण चिठ्ठ्यांनी सहसा असं होत नाही." क्षणभर तपासून मग म्हणाल्या, "तुम्ही तिथे तासन् तास बसायचात. काही वेगळं पाहिलंत?"

"नाही," मी म्हणालो. अगदी प्रामाणिकपणे.

संध्याकाळ

वकील आणि पैलवान कोणत्या तारखेला आले ते पाहायला ही वही उघडली. चौदा फेब्रुवारी.

मी पाहिलं होतं. निळा दिवा, पाकिटं, दोन तास आधी आलेलं बाळ. सगळं लिहिलंय. वर सरकारी कचेऱ्यांना उपदेशही केलाय. चोवीस वर्षं लोकांच्या नजरेतून निसटलेलं टिपतो म्हणून मी पगार घेतो.

३ मे

ताईच्या घरी गेलो. ती पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. मी वही उघडून तिच्यापुढे ठेवली. तिने वाचलं, चष्मा काढला, घडी पुरी केली.

"अक्षर किती घाण आहे तुझं," ती म्हणाली.

"किती वेळा, ताई?"

"पाच. पहिल्यांदा तीन फेब्रुवारीला. एकही पाकीट मी फोडलं नाही, बरं का. आतल्या चिठ्ठीवरच्या मोठ्या अक्षराची दिव्यासमोर सावली दिसते. फक्त कागद कुणाचा आधी भरायचा, तेवढं. ज्याचा कागद आधी, त्याला पाकीट आधी." तिने बाह्या आत दुमडल्या. "वकिलानंतर नाही. एकदाही नाही."

"त्यांतली किती..."

"ज्यांना दिला त्या पाचांपैकी चार गेली. ती तशीही जाणार होती. मला कळायला हवं होतं, तीस वर्षं हेच बघतेय. कुणाला जंतू, कुणाच्या मेंदूत रक्त. मोज्याला त्यातलं काय थांबवता येणार? त्याला फक्त विसराळू पोरं सांभाळता येतात." तिने पुढचा कपडा उचलला. "वकील विसराळू होता."

मी शेवटी विचारलंच. "माझ्या लेखामुळे?"

"तुझ्यामुळे नाही. हात माझे होते." आणि थोड्या वेळाने, "पण प्रत्येकीच्या हातात ते कात्रण असायचं रे. चमत्कार असं छापलेलं. तो माझ्या खिशात आहे आणि मी देत नाही, असं बघायच्या माझ्याकडे."

एक साडी आम्ही दोघांनी दोन टोकं धरून घडी घातली. लहानपणी चादरी घालायचो तशी.

"हे मी कुणाला सांगितलं नाही तर चालेल," मी म्हणालो. भाऊ म्हणून म्हणालो. वार्ताहर त्या वेळी कुठे होता माहीत नाही.

"आणि मोजा?"

"तो आधीच बंद झालाय."

"वाईट आहे म्हणून बंद झालाय. तो वाईट आहे की नाही हे कुणालाच माहीत नाही, माझ्यामुळे. उद्या कुणी परत हात लावणार नाही त्याला. बारा बाळांना एक नर्स, तिथे काय?" तिने साडी माझ्या हातातून घेतली. "मी अठ्ठावन्नची व्हायला आले, पंडित. माझं काय व्हायचंय?"

७ मे

ताईने मॅडमना सांगितलं. मी बाहेर होतो. दार काचेचं. मॅडम एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. शेवटी काहीतरी एकच वाक्य म्हणाल्या. ताई उठली आणि कपाटाची किल्ली टेबलावर ठेवून बाहेर आली.

"काय म्हणाल्या?"

"किल्ली तुम्हाला दिली, कारण तुम्ही कधी चुकत नाही, असं म्हणाल्या."

निकाल असा लागला: त्र्याऐंशी पाकिटं रद्द, त्र्याऐंशी बाळं हिशेबातून बाद. अभ्यास पहिल्यापासून होईल, पण दुसऱ्या शहरात. पाकिटं नसतील. चिठ्ठी फोनवरून दुसऱ्याच गावचा माणूस सांगेल. म्हणजे मोजा वाचला, पण निदान तीन वर्षं मागे गेला. ताईची चौकशी आणि तोवर वॉर्डात जायला मनाई.

११ मे

लेख लिहिला. पाकिटं, निळा दिवा, माझं कात्रण, सगळं. ताईने वाचून एकच दुरुस्ती केली: जिथे 'करुणेपोटी' लिहिलं होतं तिथे काट मारली.

संपादकांनी सातव्या पानावर छापला. मथळा माझाच ठेवला. आता त्याला हात लावावा असं कुणाला वाटलं नाही.

१६ मे

ताई म्हणाली, वकिलाच्या घरी जाऊन सांगायचंय. मॅडमनी रीतसर पत्र पाठवलं होतं, पण पत्र पत्र असतं. मी म्हटलं, मीही येतो. सांत्वनाचं मला काही जमत नाही, पण निम्मा मजकूर माझा होता.

दुसऱ्या मजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर. बसवाल्याला सुट्टी होती. खुर्च्या दोनच, त्या आम्हाला दिल्या आणि ते दोघं पलंगाच्या काठावर बसले. बायकोला मी पहिल्यांदाच पाहिलं. बारीक, सरळ बसणारी. हातवारे अजिबात करत नव्हती.

ताईने वाटेत काहीही ठरवलेलं दिसलं नाही. सरळ सांगितलं. तुमचं बाळ आधी आलं होतं. त्याच्या पाकिटात मोजा होता. दुसरं फार लहान होतं, म्हणून मी त्याचा कागद आधी भरला. असं करायचा मला अधिकार नव्हता.

बसवाला जमिनीकडे बघत होता. "म्हणजे मोजा असता, तर तो वाचला असता?"

"माहीत नाही," ताई म्हणाली.

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाही. तेच शोधत होतो. आणि ते कळूच नये असं मी करून ठेवलं."

तो उठला, खिडकीशी गेला, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. खाली रस्त्यावरून एक बस गेली. त्याने बहुधा सवयीने तिचा नंबर पाहिला. मला वाटलं, आता तो ओरडेल आणि ओरडला तर बरं होईल.

मग बायको प्रथमच बोलली. "ते दुसरं. ज्याला दिलात. ते तरी आहे ना?"

ताईने मान हलवली. "नाही. वकिलानंतर चौदा दिवसांनी."

तोवर तिचे डोळे कोरडे होते. आता तिने तोंडावर पदर घेतला आणि रडायला लागली, आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. ताई उठून तिच्याजवळ जाऊ की नको अशी अर्धवट उभी राहिली. मीही उभा राहिलो, कशासाठी ते माहीत नाही. बऱ्याच वेळाने बायकोने डोळे पुसले.

"तिचं कसं चाललंय?" तिने विचारलं. "त्याच्या आईचं? घरी कुणी आहे का तिच्या?"

ताईने माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे. आम्ही विचारलंच नव्हतं.